वाक्य मास्तरांचं, आवाज माझा

आमच्या घरी चुलीवर नेहमी दोन पातेली असत. एकात डाळ शिजायची आणि दुसऱ्यात आईच्या कात्र्या. आई दवाखान्यात नर्स होती, पण मारेगावपासून मुकुटबनपर्यंतच्या बाया तिला नर्स म्हणत नसत, नामीबाई म्हणत. कळा सुरू झाल्या की बाई कुठल्या घरची आहे हे न पाहता बैलगाडी आमच्या दारात येऊन थांबायची. गाडीवान खाली न उतरताच हाक मारायचा, आई हातातली अर्धी थापलेली भाकर माझ्याकडे सोपवायची आणि ओल्या हातानं पिशवी उचलून निघायची. त्या अर्ध्या भाकरी मी पुऱ्या करायला शिकले, म्हणून माझ्या भाकरी आजही एका बाजूनं जाड होतात. नातवंडं हसतात. त्यांना काय सांगणार, गावातली निम्मी पोरं त्या जाड बाजूच्या हिशेबानं जन्मली आहेत.

बाबा चर्चचे पाळक होते. गाव त्यांना पादरीबाबा म्हणायचं. उंच, हडकुळे, गुडघ्यापर्यंत पोचणारा पांढरा सदरा, आणि पहाटेपासून अंगणात फेऱ्या मारत रविवारच्या उपदेशाची जुळवाजुळव. वाक्य जमलं की ते निंबाच्या झाडाशी थांबायचे आणि झाडालाच ते म्हणून दाखवायचे. आमचं चर्च म्हणजे विटांच्या भिंतीवर कवेलूंचं छप्पर, समोर तीन पायऱ्या, पायऱ्यांसमोर मोठं अंगण आणि अंगणाला कमरेएवढी भिंत. आम्ही ख्रिस्ती वीसेक घरं होतो. कुणी गवंडीकाम करायचं, कुणी दवाखान्यात, कुणी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला. शनिवारी संध्याकाळी गायनमंडळाचा सराव चालायचा. पायपेटीची एक पट्टी दाबली की वर यायची नाही, ती याकोबकाका डाव्या हाताच्या अंगठ्यानं उचलून धरत आणि उरलेल्या नऊ बोटांनी वाजवत. मला मात्र कायम शेवटच्या रांगेत उभं करायचे, कारण पुढं उभी राहिले की बाकीच्यांचा आवाज ऐकूच येत नसे. देवानं मला गोड गळा दिला नाही, मोठा दिला. या गोष्टीचं त्या वयात मला फार वाईट वाटायचं.

रविवारची भक्ती संपली की आमच्याकडे पातोडीचा रस्सा व्हायचा. बेसनाच्या वड्या, झणझणीत तर्री, वर सांभार म्हणजे हिरवी कोथिंबीर, सोबत ज्वारीची भाकर आणि कच्चा कांदा. या रश्श्यासाठी दर रविवारी एक पाहुणा ठरलेला असायचा, आणि तो पाहुणा देव मानत नव्हता. वामन मास्तर आमच्या शाळेचे निवृत्त शिक्षक. विज्ञान शिकवायचे. त्यांचं घर बाजाराच्या गल्लीत. वडील वकील, आजोबा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, सोवळ्याओवळ्याचं घराणं. त्यात हे एकटे असे निघाले. दम्याचा त्रास होता, त्यामुळे दोन वाक्यांच्या मध्ये शिट्टीसारखा श्वास वाजायचा. भक्ती चालू असताना ते भिंतीबाहेर सायकलला टेकून उभे राहात आणि शेवटचं गाणं संपलं की आत येत. मग ओसरीवर पाटावर बसून बाबांच्या त्या दिवशीच्या उपदेशाची चिरफाड करत. बाबाही सोडत नसत. आई वाढता वाढता म्हणायची की तुमचा देव ठरेपर्यंत रस्सा थंड होईल. मास्तर म्हणत, नामीबाई, रस्सा आहे याबद्दल आमच्यात वाद नाही. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. पुढं वणीला कॉलेजात गेले तेव्हा कळलं की एका ताटावर बसून इतकं भांडता येणं ही चैन फार थोड्या घरांना परवडते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा गावात काहीतरी बिनसलं होतं. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या भिंतीला लागून उभी असायची, बैलांच्या घुंगरांचा आवाज दिवसभर, आणि हवेत कापसाचे तंतू. पण माणसं हळू बोलत होती. आणीबाणी उठून काही महिने झाले होते, तरी लोकांच्या आवाजातली उठलेली दिसत नव्हती. आईनं चुलीपाशी बसून मला सगळं सांगितलं. नाल्यापलीकडे कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे छोटी वस्ती होती. तिथं लचमा आजी एकटी राहायची. बांबूच्या टोपल्या विणायची, झाडपाल्याचं थोडं औषध जाणायची. आबाजी सरपंचांचा नातू तापानं फणफणला. ताप उतरेना म्हणून त्यांनी बाहेरगावचा एक भगत आणला, आणि भगतानं बोट दाखवलं म्हातारीकडे. हिनं करणी केली. दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या माणसांनी तिच्या घराची कवेलू फोडली, चूल लाथाडली आणि तिला गावाबाहेर काढलं. ती मुकुटबनकडे बहिणीच्या घरी चालत गेली. ज्या पोरासाठी हे केलं त्या पोराला त्याच्या आईनं लपूनछपून दवाखान्यात आणलं होतं. त्याला टायफॉइड होता. माझ्या आईच्या हाताखाली तो बरा झाला. हे सांगताना आईनं चुलीतलं लाकूड इतक्या जोरात आत लोटलं की ठिणग्या उडाल्या. म्हणाली, सगळ्या गावाले ठाऊक आहे, आणि सगळं गाव चूप आहे.

चूप नव्हते ते फक्त वामन मास्तर. आधीच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी भाड्याचा भोंगा लावून, रिकाम्या गाडीवर उभं राहून सगळी हकिगत सांगितली होती. सरपंचांचं नाव घेऊन सांगितली. पुढच्या बाजारी पुन्हा बोलणार आहे, भगतानं समोर येऊन आपली विद्या दाखवावी, असंही म्हणाले. त्यानंतर एकेक दार बंद होत गेलं. बाजाराची जागा ग्रामपंचायतीची, ती मिळणार नाही. शाळेचं मैदान मिळणार नाही. भोंगेवाल्यानं भोंगा बिघडल्याचं सांगितलं. फौजदारांनी बोलावून तोंडी बजावलं की सभा घ्यायची नाही, गावाची शांतता बिघडते. मास्तरांच्या सायकलची दोन्ही चाकं कुणीतरी सुऱ्यानं कापली.

रविवारी ते चालत आले. रस्सा वाढला, पण ते जेवेनात. त्यांनी बाबांना सांगितलं की नागपूरला मुलाकडे जायचं ठरवतो आहे. वयही झालं, श्वासही पुरत नाही, आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटते. मी त्या माणसाला लहानपणापासून ओळखत होते. वर्गात साप निघाला तेव्हा डस्टरनं त्याला बाहेर ढकलत त्याची जात आणि खाणं सांगणारा माणूस. त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाबांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, चर्चचं अंगण मोठं आहे, बाजाराच्या दिवशी तिथं बोला.

मास्तरांनी मान वर केली. "पादरी, विचार करून बोला," ते म्हणाले. "मी उभा राहिलो की तुमच्या देवालाही सोडणार नाही. भगत वेगळा आणि पाळक वेगळा, असं मी मानत नाही. तुमच्याच पायरीवर उभा राहून ते सांगेन."

"सांगा," बाबा म्हणाले. "मी माह्या देवाले ओळखतो. त्याले तुमचा दोन तासाचा त्रास सोसंल."

मास्तरांनी मग रस्सा ओढून घेतला आणि दोन भाकरी खाल्ल्या.

त्याच संध्याकाळी आमच्या ओसरीवर चर्चचे पंच जमले. याकोबकाका त्यांच्यात वडील. सगळ्यात जास्त तेच भडकले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपण वीस घरं. आपली पोरं त्यांच्या शेतात वेचणीला जातात, पाणी गावच्या विहिरीचं, दुकान गावातलं. उद्या सरपंचानं बोट उचललं तर आपली कवेलू फुटायला किती वेळ लागेल? आणि हे सगळं कुणासाठी, तर जो माणूस दर रविवारी आपल्या प्रभूला नावं ठेवतो त्याच्यासाठी. आपला एखादा असता तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी दाराआड तांदूळ निवडत होते, आणि मलाही काकांचं पटत होतं.

बाबा उपदेशात शुद्ध बोलायचे, पण त्या दिवशी ओसरीवर ते घरच्याच बोलीत बोलले. "याकोब, आपला प्रभू सुळी कसा गेला, सांग मले. जमाव ओरडला आणि अधिकाऱ्यानं माहा संबंध नाही म्हणत हात धुतले. आज गावात तेच होऊन राह्यलं. मंग आपण कुठं उभं राहायचं? हात धुणाऱ्याच्या बाजूले?" बाबा पुढं म्हणाले, "देवानं आदमाले बागेत ठेवलं तेव्हा मना केलेल्या फळाच्या झाडाले कुंपण नाही घातलं. ज्याले नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याले काय अर्थ आहे? आणि एक ध्यानात ठेव. ज्या कायद्यानं तुले पेटी वाजवून प्रभूचं नाव घेता येते, त्याच कायद्यानं मास्तरले देव नाही म्हणता येते. दोन कायदे नाहीत, एकच आहे. त्याचा मोडला की आपलाही मोडला."

याकोबकाका उठले, चप्पल पायात घातली आणि निघून गेले. बाबांनी त्यांना थांबवलं नाही. आईनं कंदील पेटवला आणि एवढंच म्हणाली की लचमा आजीनं माझ्या जन्माच्या वेळी तिच्याजवळ बसून रात्र काढली होती, तेव्हा आपला कोण आणि परका कोण हे पंचांनी तिला विचारून ठरवावं. हे मला तोवर माहीत नव्हतं. तांदळातले खडे मला दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी बाबा ठाण्यात निघाले आणि मला सोबत घेतलं. फौजदार वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. टेबलावर अर्धा कप चहा, त्यावर साय आलेली. त्यानं बाबांना बसायला खुर्ची दिली आणि समजावलं की बाबा, तुम्ही धर्माची माणसं, तुम्ही यात पडू नका, वरून सांगणं आहे. बाबांनी नम्रपणे विचारलं, कोणी सांगितलं, आणि कोणत्या कायद्यानं. फौजदार म्हणाला, तोंडी आहे. बाबा म्हणाले, लेखी द्या. लेखी हुकूम असेल तर मी तो मोडणार नाही, कोर्टात जाऊन त्याच्याविरुद्ध भांडेन. पण तोंडी असेल तर मी म्हातारा झालो, मला कमी ऐकू येतं. फौजदार हसला नाही, पण त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. भोंग्याला मात्र परवानगी लागतेच, तो नियम आहे आणि तुम्हाला ती मिळणार नाही, असं त्यानं सांगितलं. बाबांनी ते लगेच मान्य केलं. नियम आहे तो आम्ही पाळू, भोंगा लावणार नाही. मग म्हणाले, आता तुमचा नियम तुम्ही पाळा. सभा बंद पाडणं तुमचं काम नाही, ती होऊ देणं तुमचं काम आहे.

"पादरीबाबा, तुमाले भेव नाही वाटत?" फौजदारानं विचारलं.

"वाटते," बाबा म्हणाले. "म्हणून तं तुमच्याकडे आलो."

मी पुढं चाळीस वर्षं पांढरकवड्याच्या कोर्टात वकिली केली. मोठमोठे युक्तिवाद ऐकले, काही स्वतःही केले. लेखी द्या, या दोन शब्दांपेक्षा कामाचं हत्यार मला सापडलेलं नाही. अजूनही कुणी अशील येऊन सांगतं की साहेबांनी मनाई केली, तेव्हा मी आधी तेच विचारते, आणि दहातल्या आठ वेळा मनाई तिथंच संपते.

बाजाराचा दिवस उजाडला. आईनं सकाळीच अंगण सारवून घेतलं, जसं नाताळाला सारवते तसं. दुपारी ऊन उतरू लागलं तशी माणसं यायला लागली, पण आत कुणी येईना. पिशव्या हातात धरून, भाजीची टोपली डोक्यावर ठेवून, लोक भिंतीबाहेर उभे राहिले, जणू सहज थांबलेत. फाटकात सरपंचांचा पुतण्या आणि त्याचे चारपाच सोबती काठ्या घेऊन आडवे उभे होते. आत जाणाऱ्याचं नाव लक्षात ठेवू, असं ते मोठ्यानं सांगत होते. रस्त्यापलीकडे दोन शिपाई उभे होते, त्यांना अजून कळत नव्हतं की आपण कुणाच्या बाजूनं आहोत. मास्तर पायरीवर बसले होते, छातीवर हात ठेवून. बाबा फाटकाकडे निघाले, पण आई त्यांच्या आधी पोचली. पायरीजवळचा एक कोपरा ती पुन्हा सारवत होती, तिच्या हाताला अजून शेण होतं.

ती पुतण्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या खांद्याइतकीही नव्हती. "तू जन्मला तेव्हा रडून नव्हता राह्यला, गजानन," ती म्हणाली. "निळा पडला होता. तुह्या मायनं हाय खाल्ली होती. म्या तुले उलटा धरून पाठीवर चापट मारली, तेव्हा तुहा आवाज निघाला. माहं काम आवाज काढायचं आहे, बाबू. तो बंद करायले मी तुले माह्या दारात उभा राहू देणार नाही. बाजूले सरक."

गजाननची काठी हळूच खाली गेली. त्याच्या सोबत्यांकडे आईनं फक्त पाहिलं, एकेकाकडे, नाव घेऊन मोजावं तसं. त्यातले तिघं तिच्याच हातचे होते. ते बाजूला सरकले, आणि भिंतीबाहेर कुणीतरी बाई खुदकन हसली. त्या हसण्यानं जे झालं ते कुठल्या भाषणानं झालं नसतं. ती बाई आपली टोपली घेऊन आत आली. तिच्यामागं दुसरी. मग पुरुष. नाल्यापलीकडून पोडावरची माणसं आली आणि निंबाच्या झाडाखाली एकमेकांना चिकटून बसली. तेवढ्यात चर्चच्या मागच्या दारातून याकोबकाका बाहेर आले. खांद्यावर चर्चच्या सतरंज्या होत्या. कुणाकडे न पाहता त्यांनी त्या एकेक करून अंगणात अंथरल्या आणि पंचांच्या पोरांना म्हणाले की पाणी आणा, लोक उन्हातून आले.

मास्तर बोलायला उठले. दोन वाक्यं झाली आणि श्वास अडकला. पुन्हा सुरुवात केली, आवाज पुढच्या सतरंजीपर्यंतही पोचेना. मागून लोक म्हणू लागले, ऐकू नाही येऊन राह्यलं. गजाननच्या टोळक्याला पुन्हा धीर आला, कुणीतरी शीळ घातली. मास्तरांनी घाम पुसला. मी पायरीच्या कडेला उभी होते. मी का पुढं गेले हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन म्हटलं, सर, तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शाळेत फळ्याशी बोलावताना पाहायचे तसं, आणि मान हलवली.

मग ते एक वाक्य म्हणायचे, हळू, मला ऐकू येईल एवढंच, आणि मी ते अंगणावर फेकायची. माझा तो शेवटच्या रांगेतला आवाज भिंतीपलीकडे गेला, रस्त्यापलीकडे गेला, कापसाच्या गाड्यांवरचे गाडीवान उभे राहिले. लचमा आजीचं घर कसं फोडलं ते मी सांगितलं. ताप कशानं येतो, टायफॉइड पाण्यातून कसा पसरतो, ते सांगितलं. मंत्रानं माणूस मरत नाही, पण मंत्राच्या नावाखाली माणसं मारली जातात, हे सांगितलं. शब्द त्यांचे होते, पण माझ्या छातीतून जाताना ते गरम होत होते. मला असं वाटलं की मला हा गळा कशासाठी मिळाला ते आत्ता कळतं आहे.

आणि मग मास्तर म्हणाले, "भगत जे करतो तेच पुजारी करतो, तेच मुल्ला करतो, आणि ज्यांच्या पायरीवर मी उभा आहे ते पाळकही तेच करतात. देव नाही. तो माणसानं आपल्या भीतीतून घडवला."

मी थांबले. अंगण वाट पाहात होतं. पुढच्या सतरंजीवरच्यांनी ते ऐकलं होतं, आणि आमची ख्रिस्ती माणसं माझ्याकडे पाहात होती. माझा बाप्तिस्मा याच पायऱ्यांच्या आत झाला होता. मी बाबांकडे पाहिलं. ते निंबाला टेकून उभे होते. ते जागचे हलले नाहीत. शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबू नको, करुणा. वाक्य त्याचं आहे. पुरं कर."

मी ते पुरं केलं. पाळकाच्या मुलीनं, चर्चच्या पायरीवर उभं राहून, गावाच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की देव नाही. मग बाबांनी टाळी वाजवली. एकट्यांनी. त्या वाक्याला नव्हे, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. मग याकोबकाकांनी वाजवली, तोंड कडू करून, पण वाजवली. आणि मग सगळं अंगण वाजायला लागलं. मी इतकी वर्षं प्रार्थना केल्या आहेत, पण देव माझ्या इतक्या जवळ उभा आहे असं मला ज्या थोड्या वेळा वाटलं, त्यातली ती पहिली. हे मी पुढं एकदा मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, तो रक्तातल्या साखरेचा परिणाम असावा, तू दुपारी जेवली नव्हतीस.

टाळ्या ओसरल्या आणि बायांच्या बाजूला एक जण उभी राहिली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, कडेवर मूल. आबाजी सरपंचांची सून. तिला पाहून अंगण पुन्हा गप्प झालं, कारण एव्हाना स्वतः आबाजी फाटकाशी येऊन उभे राहिलेले सगळ्यांनी पाहिले होते. तिचे ओठ हलत होते, पण काही ऐकू येत नव्हतं. मी पायरीवरून उतरून तिच्याजवळ गेले. ती माझ्या कानाशी म्हणाली, आणि मी वाक्यामागून वाक्य सगळ्यांना सांगितलं, जसंच्या तसं, तिच्या बोलीत. "ह्या पोराले म्हातारीनं काही नाही केलं. याले दवाखान्याच्या औषधानं बरं वाटलं. म्हातारीनं तं मले तो आजारी असतानी टोपलीत झाकून भाजी आणून देली. तिले घरी आणा."

शेवटचं वाक्य ती स्वतःच मोठ्यानं बोलली. मला सांगावं लागलं नाही.

आबाजी काही बोलतील, असं सगळ्यांना वाटलं. शिपाई रस्ता ओलांडून अलीकडे आले आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, तोंड बाहेरच्या बाजूला करून. आबाजींनी सुनेकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. पोरगं त्यांना पाहून हसलं आणि हात पसरले. तो म्हातारा आत आला, पोराला कडेवर घेतलं आणि सुनेच्या पुढं घराकडे चालू लागला. त्यांनी कधी माफी मागितली नाही. पण पुन्हा कुणाला अडवलंही नाही, आणि पुढच्या बाजारी ग्रामपंचायतीची जागा मास्तरांसाठी झाडून ठेवलेली होती. आमच्या वीस घरांपैकी कुणाचंही कवेलू फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोडावरची माणसं लचमा आजीला आणायला गेली. परतताना ती आधी आमच्याच अंगणात आली, आईला भेटली, आणि मग आपलं घर पाहायला निघाली. घराला छप्पर नव्हतं. याकोबकाका गवंडी, त्यांनी शिडी लावली. चर्चची पोरं, पोडावरची पोरं, आणि मान खाली घातलेला गजानन, सगळे कवेलू वर देत होते. वर आढ्यावर बाबा आणि वामन मास्तर दोघंही चढले होते, आणि चढल्यापासून त्यांचं सुरू होतं. कालच्या सभेला देव हजर होता की नाही, यावर. बाबा म्हणत होते, होता, मागच्या सतरंजीवर बसला होता. मास्तर म्हणत होते, मग त्यानं शंका का नाही विचारली. एक कवेलू दोघांच्या हातात अडकून पडलं होतं आणि खालची पोरं पुढचं घेऊन ताटकळली होती.

लचमा आजी फुटक्या चुलीपाशी बसून माती कालवत होती. तिनं वर पाहिलं आणि मला विचारलं, हे दोघं काय भांडून राह्यले. मी सांगितलं की देव आहे का नाही यावर भांडतात, नेहमीचंच आहे, थांबवू का त्यांना. तिनं मातीचा हात नाही म्हणून हलवला.

"भांडू दे माय," ती म्हणाली. "गाव चूप होतं, तवाच मले हाकललं."